लोहडीत भाजलेली गिरणी

माझा नवरा हाडांचा डॉक्टर आहे. सरकारी हॉस्पिटलात दिवसभर लोकांची हाडं जोडून त्याचं समाधान होत नाही, म्हणून घरी आल्यावर तो गॅरेजमध्ये लोखंड जोडतो. आमची गाडी बारा महिने उन्हात आणि भंगार सावलीत असतं. चंदीगडच्या आखीवरेखीवपणाचं कौतुक करणाऱ्यांनी आमचं गॅरेज पाहिलेलं नाही.

त्या हिवाळ्यात मात्र मी तोंड आवरून होते, कारण या खेपेचं भंगार माझ्या आईसाठी आलं होतं.

बाबा गेल्यावर आई सोलापुरात एकटीच राहायची. बाथरूममध्ये पडली, तेव्हा मी तिला इकडे घेऊन आले. येताना तिने शाळू ज्वारीची गोणी आणली. गव्हाची पोळी तिच्या घशाखाली उतरत नाही आणि दुकानातलं ज्वारीचं तयार पीठ तिने नुसतं हुंगून बाजूला सारलं. आमच्या सेक्टरमधल्या चक्कीवाल्याने तर ज्वारी पाहूनच हात जोडले. "ये तो डंगरों का चारा है जी, मेरा आटा खराब हो जाएगा." आईला हिंदी फारशी येत नाही, पण तेवढं नेमकं कळलं. रोज ती चतकोर पोळी चिवडायची आणि म्हणायची, "संक्रांत झाली की मला गाडीत बसवून दे. तिकडं माझी मी बघते." तिकडे तिला बघायला कोणी नव्हतं. मला ती इथेच हवी होती. तसं सांगितलं की ती आणखी कमी जेवायची.

तेव्हा नवरोजींनी पिंजोरच्या भंगारवाल्याकडून एक जुनी गिरणी आणली. नवी घरघंटी दुकानात मिळते, असं मी सुचवून पाहिलं. पेशंटचा पाय कापून नवा लावा म्हणाल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. मोटर ठणठणीत होती, दगडही बरे होते. फक्त ज्या बिडाच्या पायावर सगळा डोलारा उभा राहायचा, तोच मधोमध चिरलेला. "साधं फ्रॅक्चर आहे," तज्ज्ञांचं निदान झालं.

वेल्डिंगचा मुखवटा चढला, ठिणग्या उडाल्या, जोड सुरेख दिसला. त्याचं कौतुक करत आम्ही चहाला बसलो, तर गॅरेजमधून टण्ण असा आवाज आला. जोडाच्या शेजारीच नवी चीर. पुन्हा जोडलं, पुन्हा टण्ण. जानेवारीच्या थंडीत गारठलेलं बीड एकाच जागी तापवलं की तडकणार, हे साहेबांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. अख्खा पाय आधी तापवायला हवा होता आणि जोडल्यावर हळूहळू निवायला हवा होता. तेवढी मोठी भट्टी कुठून आणायची?

ती शेजाऱ्यांनीच पेटवली. आमची भोगी, म्हणजे इकडची लोहडी. घरासमोरच्या पार्कात लाकडं रचली गेली, ढोल आला, आणि आमचे डॉक्टर चिमट्यात गिरणीचा पाय धरून आगीपाशी हजर. शेजारचे सरदारजी आगीत भुईमुगाच्या शेंगा टाकता टाकता थांबले. "डॉक्टर साब, लोहडी विच मुंगफली पांदे ने, चक्की नहीं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोगीला घरात भाकरी नाही म्हणून आई सकाळपासून उपाशी होती आणि हा गृहस्थ चारचौघांत लोखंड भाजत होता. लाल झालेला पाय त्याने आमच्या गेटाशीच जोडला आणि लगेच परत निखाऱ्यांत ठेवला. वर राख ओढायला सरदारजींनी घरून फावडं आणलं. वेडेपणाला साथ लगेच मिळते.

सकाळी राखेतून पाय निघाला तेव्हा अजून कोमट होता. टण्ण काही झालं नाही. दुपारी गिरणी सुरू झाली आणि स्वयंपाकघरातली भांडी थरथरायला लागली. संक्रांतीच्या दिवशी तरी नवऱ्याशी गोड बोलायचं मी ठरवलं होतं, पण त्या आवाजात ते त्याला ऐकूच गेलं नसतं.

आईने पीठ चिमटीत धरून पाहिलं, उकळतं पाणी घालून मळलं आणि भाकऱ्या थापल्या. एक खाल्ली. मग दुसरी घेतली. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. कौतुक करायची आमच्या माहेरी पद्धत नाही.

"भरड झालंय," ती नवऱ्याला म्हणाली. "जावईबापू, पुढल्या दळणाला दगड जरा आवळून घ्या."

पुढल्या दळणाला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी उडणाऱ्या पिठावर ढकललं आणि गोणीतली ज्वारी निवडायला घेतली.