ग्रीक शिल्पकाराची थाळी

सहावीतल्या माझ्या लेकीला शाळेत एका प्राचीन ग्रीक शिल्पकारावर पाच मिनिटं बोलायचं होतं. त्याचं नाव तिला अचूक उच्चारता येतं, मला येत नाही, म्हणून इथे लिहिण्याचं धाडस करत नाही. मागच्या वर्षी ती अशीच वर्गासमोर उभी राहिली, "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि पुढचं सगळं विसरून रडत जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिने कधी हात वर केला नव्हता. यंदा मात्र स्वतःहून नाव दिलं.

"बाबा, मी मध्ये थांबले ना, तर मी शाळाच बदलणार."

आखातातल्या आमच्या गुदैबिया भागातून चालत जाता येईल अशी दुसरी शाळा नव्हती. त्यामुळे थांबून चालणार नव्हतं.

वाचन तिचं तिनेच केलं. मला फक्त एक प्रश्न विचारला, तोही फोनवर. मी सित्र्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने परतत होतो आणि शेजारचा सहकारी माझ्या खांद्यावर घोरत होता.

"बाबा, व्हॉट इज अ डिस्कस?"

"थाळी गं! थाळीफेक माहीत नाही तुला?"

"ओह, थाळी! ओके." फोन बंद.

एका वाक्यात ज्ञान दिल्याच्या समाधानात मी घरी पोचलो. शाळेत असताना मीही थाळीफेक केली होती. माझी थाळी मैदानाऐवजी पीटीच्या सरांकडे गेली, एवढंच.

मग फोटोचा प्रश्न आला. त्या शिल्पकाराच्या प्रसिद्ध थाळी फेकणाऱ्या पुतळ्याच्या अंगावर चिंधीसुद्धा नाही. "हा चार्टवर लावायचा नाही," असं बायकोने बजावलं. मॉडेल म्हणून माझी निवड झाली. बनियन, हाफपँट आणि हातात स्टीलचं ताट.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःचं ताट कधी उचलून बेसिनमध्ये ठेवलं नाहीत," बायको म्हणाली, "फेकायला बरे लगेच तयार!"

"बाबा, पोट आत घे."

"आतच आहे."

"ग्रीक लोकांचं असं नसतं."

मी गुडघे वाकवले, कंबर पिळली, ताट मागे नेलं. फोटो झाला. कंबर मात्र परत यायला तयार नव्हती. बायको मलम चोळत असताना मला समजलं, त्या शिल्पकाराने हा माणूस ब्राँझचा का केला ते. हाडामांसाचा त्या अवस्थेत टिकत नाही.

भाषण काही तिने आम्हाला दाखवलं नाही. सरप्राइज होतं म्हणे.

त्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. लेक उभी राहिली, "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि, हुश्श, पुढेही गेली. इंग्रजीत, ठणठणीत आवाजात तिने सांगितलं की प्राचीन ग्रीसमध्ये जेवण आवडलं नाही की नवरे जेवणाची थाळी फेकायचे आणि या थोर शिल्पकाराने तो राग कायमचा पकडून ठेवला. "हे मला माझ्या बाबांनी समजावलं. हे बघा माझे बाबा." तिने चार्टकडे बोट केलं.

सगळा वर्ग आधी माझ्याकडे वळला, मग बायकोकडे. शेजारच्या इजिप्शियन आईने बायकोचा हात दाबून "मालेश, मालेश" म्हटलं, म्हणजे जाऊ दे, होतं असं. मुलं खो खो हसायला लागली. मॅडम हळूच म्हणाल्या की डिस्कस हा खेळ आहे, बेटा.

लेक थांबली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. मागच्या वर्षीचाच ओठ.

मी उठलो. "मॅडम, गलती मेरी है! हमारे मराठी में डिस्कस को थाळी बोलते हैं. ऐसे फेकते हैं." आणि प्रात्यक्षिकासाठी कंबर पिळली. ती तिथेच अडकली. समोरच्या खुर्चीची पाठ धरून मी तसाच वाकडा राहिलो. आता हसण्यात पालकही सामील झाले.

तेवढ्यात लेकीचा आवाज आला, भर वर्गात, चक्क मराठीत. "बाबा, तू खाली बस. मी बोलतेय."

मला बसता येत नव्हतं, पण गप्प बसता आलं.

तिने चूक दुरुस्त केली आणि पुढे निघाली. त्या शिल्पकाराने ब्राँझची एक गाय केली होती, इतकी हुबेहूब की वासरं दूध प्यायला यायची, अशी दंतकथा आहे म्हणे. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तिच्याबरोबर. एका मुलीने विचारलं, खरा पुतळा कुठे आहे?

"हरवला," लेक म्हणाली. "आपण बघतो त्या रोमन लोकांनी केलेल्या दगडाच्या कॉप्या. दगड जड असतो, तोल जातो, म्हणून त्यांच्या पायाशी झाडाचं खोड ठेवतात. ब्राँझला असा आधार लागत नाही. तो आपला आपण उभा राहतो."

हे मी सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

पाचाची आठ मिनिटं झाली. मॅडमनी "थँक यू" म्हटलं, मग घड्याळ दाखवलं, मग टाळ्याच वाजवायला घेतल्या. टाळ्यांच्या वर आवाज चढवत लेक म्हणाली, "मॅम, वन मोअर थिंग!"