प्रणालीचं मशीन आणि उसना तांदूळ

मशीनने चांगला तांदूळ बाहेर फेकला आणि खराब आत ठेवला. प्रणाली लॅपटॉपकडे बघत होती, मी तांदळाकडे. चार दिवसांनी तिच्या इंजिनीयरिंग कॉलेजात तांदूळ निवडायची मशीनं बनवणारी कंपनी येणार होती. चालतं मशीन दाखवेल त्यालाच नोकरी, अशी अट होती.

गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मी तीस वर्षं तांदूळ तपासतेय. शिक्षण चौथी. प्रणालीने मशीन तपासून घ्यायला तिथेच आणलं होतं, सोबत तिचे सर होते.

"काऊन वं, हा पिवळा दाणा कायले फेकून राहिली तुही मशीन?"

"आजी, पिवळा खराबच असतो ना?"

"कोनं सांगितलं?"

"आम्हीच ठरवलं. घरी आई तसाच निवडते."

चूक तिथेच होती. आपल्याकडे घरी अरवा खातात, म्हणजे न उकडलेला, पांढरा. मिलमध्ये बनतो उसना. त्यासाठी धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. तो पिवळसरच असतो आणि बाहेरच्या राज्यांत जातो. त्यात ज्या दाण्याचं पोट पांढरं, त्याला वाफ कमी लागलेली. तो खराब. प्रणालीने वर्गातल्या पोरांना घेऊन दाण्यांचे फोटो काढून प्रत्येकावर चांगला की खराब ते लिहिलं होतं. कॅमेरा तेवढंच शिकला. खराब वाटला की मशीन हवेचा फटका मारून तो दाणा उडवायचं.

मी सूप पुढे केलं. "बस खाली. निवड."

तिचे सर चिडले. "आजीबाई, हिला एआय शिकायचंय. तांदूळ निवडायला मजूर मिळतात."

"मंग सर, कंपनीपुढेही मजूरच उभे करा."

प्रणाली दोन दिवस बसली. पहिल्या दिवशी तिने निवडलेले निम्मे दाणे चुकले, मी ते परत सुपात मिसळले. रडली. मी चहा दिला आणि पुन्हा बसवलं. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्या फोटोंवर चांगला-खराब नव्याने लिहिलं आणि कॅमेऱ्याला पुन्हा शिकवलं.

कंपनीच्या साहेबांनी स्वतःचा उसना आणला होता. मशीनने एक दाणा उडवला. साहेब म्हणाले, "ये क्यों फेंका? अच्छा तो दिख रहा है."

प्रणालीने दाणा दातांनी तोडून तळहातावर धरला. "सर, पेट सफेद है. भाप कम लगी."

साहेबांनी मशीनने उडवलेले आणखी दहा दाणे तोडून पाहिले. दहाही तसेच. नोकरी तिलाच मिळाली.

आता दरवर्षी कॉलेज मुलं माझ्याकडे पाठवतं. मशीन बदलत राहील, पण खराब दाणा कोणता ते मशीनला माणसानेच सांगायचं असतं. त्या माणसाला आधी खाली बसावं लागतं. यंदा सरही बसले. हात फार हळू चालतो त्यांचा.