मेलेल्या यमूने आज मत दिलं

बायांनो, मी सांगतेय आणि नात लिहितेय. आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर लावा, जिला वाचता येतं तिने बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.

आज कल्याणात नगरपालिकेचं मतदान झालं. कुठल्याच पक्षाची नसलेली एक बाई लक्ष ठेवायला हवी, असं आपणच ठरवलेलं. म्हणून मी सकाळपासून मतदान केंद्रात, दोन्ही पक्षांच्या माणसांशेजारी बाकावर. मला अक्षर येत नाही, पण माणूस चालीवरून ओळखते.

दुपारी नाकापर्यंत पदर ओढून एक बाई आली, चाल ओळखीची. नाव सांगितलं यमुना. आपली यमू तर दिवाळीतच गेली!

मतदान घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"गोविंद," बाई धडाक्यात म्हणाली. अगं, खरी बायको असं सरळ नाव घेईल? लाजेल, शेजारणीला सांगायला लावेल.

मी उठून म्हटलं, "ही यमू नव्हे. पदर सार गं!"

पदराखाली आपली दुर्गा. मला बाकावर बसवायचं सुचवलं होतं तिनेच!

साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही कोणत्या पक्षातर्फे?"

"कोणत्याच नाही."

"मग तुम्हाला हरकत घेता येत नाही."

मी दोन्ही पक्षांच्या माणसांकडे वळले. एक हळूच म्हणाला, "आजी, आम्ही त्यांची खोटी मतं सोडतो, ते आमची." दुर्गा मत टाकून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. तरी पुढच्या खेपेला मी बसणारच. सोबत कोण येतंय, सांगा. दुर्गे, तूही ये. माझ्या शेजारी बसलीस, तर निदान रांगेत तरी नसशील.