आईचा पायगुण

चूक माझीच. लीगच्या पहिल्याच सामन्यात आई सोफ्यावर येऊन टेकली आणि आमच्या शहराच्या संघाचा कप्तान त्रिफळाचीत झाला. मी ओरडलो, "आई, तू आलीस की विकेट पडते! आत जा बघू." ती हसत उठली. मी मात्र थट्टा करत नव्हतो.

त्यानंतर हंगामभर ती सामन्याच्या वेळी बाहेरच्या खोलीत आली नाही. आम्ही तरीही हरतच राहिलो. काल हरलो की स्पर्धेतून बाहेरच पडणार होतो. आमचे नऊ गडी बाद झाले होते. मी हात जोडून बसलो होतो आणि सहज मान वळली. आई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती. तिथून टीव्ही दिसत नाही. ती माझा चेहरा बघत होती.

म्हणजे हंगामभर ती इथूनच सामना बघत होती, आणि माझ्या तोंडावर तिने फक्त हरणंच पाहिलं. लिलावात दरवर्षी बदलणारे ते खेळाडू मला ओळखतही नाहीत. त्यांच्या अपयशाला मला कुणीतरी अपराधी हवं होतं, आणि उलट न बोलणारं माणूस घरात एकच होतं.

"आई, ये ना. बस इथं."

"नको रे बाबा. शेवटची जोडी आहे ना? उगाच माझ्यामुळे..."

तिला ते खरं वाटत होतं. टीव्हीकडे पाठ करून मी तिच्यापाशी गेलो.

"तुझ्यामुळे काही होत नाही गं. माझं चुकलं, आई. मला माफ कर."