साहेब जेवायला गेले आहेत

भुताची आणि माझी लहानपणी ओळखच झाली नाही. आजोबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी नवस, अंगारे, उतारे आणि भुतं ही सगळी मंडळी आमच्या घरातून एकदमच बाहेर पडली. पुढे बाबांना पुण्यात सरकारी बांधकाम खात्यात इमारतींचे नकाशे काढायची नोकरी लागली आणि आम्ही धायरीला राहायला आलो. शाळेत मैत्रिणी विहिरीवरच्या बाईच्या गोष्टी सांगायच्या. मी घरी येऊन त्या बाबांना ऐकवायचे. बाबा विचारायचे, "विहिरीला कठडा होता का?" नसायचाच. "मग घाबरायचं ते त्याला," असं म्हणून ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

अशा घरातल्या मुलीवर भीतीचा खेळ बनवायची वेळ आली, याची मला आजही गंमत वाटते.

मी हिंजवडीत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. गेममध्ये पळणारा, लढणारा, मरणारा माणूस दुसरे लोक बनवतात. तो ज्या जागेत पळतो ती जागा बनवणं हे माझं काम. खरं सांगायचं तर जागासुद्धा नाही. चार वर्षं मी परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी पिंपं आणि लाकडी खोकी बनवत होते. गंजलेलं पिंप, फुटलेलं पिंप, पावसात भिजलेलं पिंप. लेक काय करते असं कुणी विचारलं की आई सांगायची, "कॉम्प्युटरवर डबे बनवते." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागायचं.

मग कंपनीनं स्वतःचा गेम करायचं ठरवलं, आणि तो भीतीचा. टीम लीडनं मला बोलावलं. माझ्याच वयाचा, भला माणूस, पण वाईट बातमी हसत सांगायची त्याला सवय होती.

"फर्स्ट लेव्हल तू डिझाइन कर," तो म्हणाला. "तीन आठवडे आहेत. तिसऱ्या शुक्रवारी आपलेच लोक खेळून बघतील. घाबरले, तर अख्खा गेम तुझा. नाही घाबरले, तर हे काम बाहेर देऊ आणि तू बॅक टू प्रॉप्स."

प्रॉप्स म्हणजे पिंपं.

"आधी रिसर्च कर," तो पुढे म्हणाला. "हॉररमध्ये खूप प्रकार असतात. सगळे खेळून बघ, मग जागा सुचेल."

तर रिसर्च झाला आमच्या हॉलमध्ये, त्याच शनिवार-रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. मी पडदे ओढून टीव्हीला गेम जोडायचे. आई शेजारी मेथी निवडत बसायची आणि खुर्चीत बाबा, पेपर घेऊन. भीतीचं इतकं सुखी शिक्षण कुणाचं झालं नसेल.

पहिला प्रकार झपाटलेल्या घराचा. एक मुलगी हातात टॉर्च घेऊन वीस खोल्यांच्या घरात फिरते आणि दारं आपोआप बंद होतात. "एवढ्या मोठ्या घरात एकटी काहून राहून राहिली ही?" आईनं विचारलं. तिच्या बोलण्यातून नागपूर कधी गेलंच नाही. "झाडपूस कोण करते मग?" दुसरा प्रकार शरीराचा. त्यात माणसाला नको तिथे हात फुटतात आणि कातडी गळते. आई मेथी उचलून स्वयंपाकघरात गेली, ती तो खेळ बंद झाल्यावरच बाहेर आली. तिसऱ्या प्रकारात राक्षस पुष्कळ आणि गोळ्या चारच असतात. यात मात्र आई तरबेज निघाली. "ते गोळी ठेव, पुढे लागते," असं सांगून तिनं मला तीन तास जिवंत ठेवलं. बाबांच्या एका पगारात दोन मुली शिकवलेली बाई ती, तिला चार गोळ्या म्हणजे चैन होती.

चौथा प्रकार खेड्यातल्या रूढींचा. एक पाहुणा गावात येतो, सगळे हसून त्याचं स्वागत करतात, जेवू घालतात आणि शेवटी त्याचाच बळी देतात. बाबांनी पेपर खाली घेतला. "यात नवीन काय आहे?" ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला.

पाचव्यात काही घडतच नाही. रिकामे कॉरिडॉर, पांढऱ्या ट्यूबलाइट, एकही माणूस नाही. आईला बसल्या जागी डुलकी लागली. मीही जांभई दिली. बाबा मात्र पेपर मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघत होते. मला वाटलं, इमारत बघत असतील.

मी वहीत टिपणं काढली होती. झपाटलेल्या घरात जागेला जुनं काहीतरी आठवत असतं. गोळ्यांच्या खेळात जागा अरुंद हवी. रूढींच्या गावात अंगण जरा जास्तच स्वच्छ हवं. टिपणं चांगली होती, आजही मी ती वापरते. चूक पुढे झाली. मी सगळ्या प्रकारांतलं थोडं थोडं घेऊन एक ओसाड बंगला बनवला. भिंतींना तडे, तड्यांतून वेली, आपोआप हलणारी खुर्ची, जिन्यावर लाल डाग. दोन आठवडे राबले आणि मोठ्या ऐटीत टीमला दाखवला.

आमच्याकडे गेम खेळून चुका शोधणारी एक टेस्टर होती, सदाशिव पेठेत वाढलेली. तिनं बंगल्यात दहा मिनिटं फेरी मारली आणि विचारलं, "पार्किंग कॉमन आहे का?"

सगळे हसले. कुणी पाणी चोवीस तास आहे का विचारलं, कुणी पझेशन कधी. टीम लीडही हसत म्हणाला, "सुंदर झालंय गं. पण स्केरी नाहीये." मी तोंड पाडून कंपनीच्या बसमध्ये बसले. हिंजवडीच्या ट्रॅफिकचा एक फायदा आहे, राग पुरता उतरल्याशिवाय घर येत नाही. त्या दिवशी घर आलं तरी माझा उतरला नव्हता.

शनिवारी मी बाबांना बंगला दाखवला. आता निदान घरच्यांनी तरी कौतुक करावं, एवढीच अपेक्षा. बाबांनी चष्मा लावला.

"हा जिना कुणी काढला?"

"मी."

"पायरी नऊ-दहा इंचांची आहे. भूत दमेल." थोडं पुढे जाऊन ते म्हणाले, "ही खिडकी भिंतीवर उघडते. आणि संडास कुठे आहे?"

"बाबा, भुताच्या बंगल्यात संडास कशाला?"

"आधी माणसं राहत होती ना?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे घर भीतीदायक नाही. नियमबाह्य आहे."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि या दोन्हींपेक्षा जास्त संताप. "मग तुम्हीच सांगा," मी म्हणाले, "तुम्हाला आयुष्यात कधी कशाची भीती वाटली?" उत्तर मला माहीत होतं. कशाचीच नाही.

"कचेरीची," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मॅट्रिक झाल्यावर शिष्यवृत्तीसाठी त्यांना तालुक्याच्या कचेरीतून एक दाखला हवा होता. अर्ज दिला की पितळी टोकन मिळायचं, मग बाकावर बसायचं आणि शिपाई नंबर पुकारायचा. बाबांचं टोकन बावीस नंबरचं. शिपायानं वीस पुकारला, एकवीस पुकारला आणि मग तेवीस. अर्जावरचं आडनाव वाचून कुणीतरी बाबांचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला होता. विचारायला गेले तर शिपाई म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. असे तीन दिवस गेले.

"साहेब आतच होते," बाबा म्हणाले. "दाराखालून मला त्यांचे बूट दिसायचे."

"मग भीती कसली होती?"

"उठलो आणि तेवढ्यात नंबर पुकारला तर? म्हणून बसून राहायचं. आणि बसल्या बसल्या कळत होतं, की तो पुकारणारच नाहीत." बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "भर दुपार होती. ऊन आलेलं, पंखा फिरतोय, सगळं जागच्या जागी. तीन दिवसांत मी ती कचेरी पाठ केली. फरश्या मोजल्या, दाराची उंची नजरेनं मापली. चौथ्या दिवशी दुसरे साहेब आले, त्यांनी पाच मिनिटांत सही दिली. पण नकाशा तोवर डोक्यात तयार झाला होता. माझा पहिला नकाशा तोच."

आईला हे माहीत होतं, मला नव्हतं. मला फार वाईट वाटलं, त्या न पाहिलेल्या शिपायाचा जळजळीत राग आला. आणि खरं लिहायचं तर त्याच क्षणी माझ्यातली पिंपं बनवणारी बाई ताठ उठून बसली. मी चाचरत विचारलं, "बाबा, तो नकाशा मला काढून द्याल?"

बाबा उठले आणि कपाटातून ट्रेसिंग पेपर, पट्टी आणि पेन्सिल घेऊन आले.

तो रविवार माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा दिवस. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बाबा कचेरी काढत होते, दुसऱ्या बाजूला मी ती लॅपटॉपवर उभी करत होते, आणि मधे आईची चहाची ये-जा. बाबांना सगळं आठवत होतं. लाल फितीत बांधलेले गठ्ठे, माठाला साखळीनं बांधलेला पेला, बाकाचा एक पाय आखूड. मी एका भिंतीला तडा द्यायला गेले, तर त्यांनी हात धरला. "सगळं नियमात काढ," ते म्हणाले. "एकच गोष्ट चुकव, आणि ती कुणाला सापडू देऊ नकोस. साहेबांच्या दाराची चौकट चार इंच खाली घे. माणूस आपोआप मान झुकवतो."

खेळ अगदी सोपा ठेवला. टेबलावरून टोकन उचलायचं, न उचललं तरी चालेल. दारावर पाटी, 'साहेब जेवायला गेले आहेत'. दाराखाली बूट. कानात नंबर पुकारणारा शिपायाचा आवाज. दाराला कुलूप नाही. ते ढकलून आत गेलं की पुढची लेव्हल. बाकावर बसायची सोय मी केवळ हौसेनं केली होती, बाक आहे म्हटल्यावर बसता यायला हवं ना.

शुक्रवारी पहिला खेळणारा कचेरीत शिरला. त्यानं पाटी वाचली, टोकन घेतलं आणि बाकावर बसला. मी म्हटलं, आता उठेल. तो बसूनच राहिला. दुसरा आला, तोही बसला. तिसऱ्यानं मला विचारलं, "लंच टाइम दीड ते अडीच असतो की दोन ते तीन?" आणि बसला. झेरॉक्स लागेल का, असंही एकानं विचारून घेतलं. परदेशातला कुणी असता तर सरळ दार उघडून आत गेला असता. आमची माणसं सरकारी कचेरीत शिरली होती, आणि साहेब जेवायला गेलेले असताना काय करायचं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"कोणी पुढेच जात नाहीये," टीम लीड माझ्या कानाशी हसत म्हणाला. "लेव्हल अडकली तुझी." माझ्या डोळ्यांपुढे पिंपांची रांग उभी राहिली. दाराकडे जाणारा एक बाण लावते, एका तासात होईल, असं मी म्हणणार होते.

शेवटी सदाशिव पेठेतली टेस्टर बसली होती. शिपायाच्या आवाजानं वीस पुकारला, एकवीस पुकारला. तिनं टोकन पाहिलं, बावीस. आवाजानं तेवीस पुकारला. ती हलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं हेडफोन काढले आणि तळहात ओढणीला पुसले.

"आत कुणीतरी आहे," ती म्हणाली. पार्किंगवाला आवाज तो नव्हता. "उठावंसं वाटतंय आणि उठवत नाहीये. उठले आणि तेवढ्यात माझा नंबर पुकारला तर?"

बाबांचं ते वाक्य मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं हेडफोन पुन्हा चढवले, बाकावरून उठली, दार ढकललं आणि आत शिरताना स्वतःच्या खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली केली. मग बाकावर बसून राहिलेल्यांनाही दाराकडे जायला लावलं. दाराशी पोचेल तो मान झुकवत होता.

"बाण लावू नकोस," टीम लीड म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता, म्हणजे बातमी चांगली होती.

त्या रविवारी बाबा खेळायला बसले. हातात कंट्रोलर पहिल्यांदाच, म्हणून मी शेजारी बसून बटणं सांगत होते. आई मटार सोलत होती. बाबांनी आधी फरश्या मोजल्या, मग माठ पाहिला, आखूड पायाच्या बाकाजवळ क्षणभर थांबले आणि पुढे निघाले. टोकनांच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"जेवायला गेलेत म्हणून लिहिलं ना तिथं," आई म्हणाली.

"वाचलं," बाबा म्हणाले.

"बाबा, आधी टोकन घ्यायचं असतं," मी म्हणाले.

"आहे माझ्याकडे. बावीस नंबरचं." बाबा सोफ्यावर ताठ बसले होते. मान जराही न झुकवता त्यांनी दार ढकललं आणि आत गेले.