आमच्याच झिलात खोट आसा

लग्नाला काही वर्षं होऊन मूल झालं नाही, की आमच्याकडे बाईला डॉक्टरकडे नेतात. आम्हीही तेच केलं. बायकोच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आत औषध सोडून गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघतात, तेही झालं. त्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांचा रंग उडाला होता. मी बाहेर तिची पर्स सांभाळत बसलो होतो आणि आपण किती समजूतदार नवरा आहोत असं मनात म्हणत होतो.

मी पवईच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामात गडबड कुठे आहे हे शोधण्याचा मला पगार मिळतो. एवढं असून, तपासण्यासारखं काही माझ्यातही असू शकतं हे डॉक्टरीणबाईंनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याच काय, घरात कोणाच्याच आलं नव्हतं.

"यांचं सगळं व्यवस्थित आहे," त्या बायकोचे कागद बाजूला ठेवत म्हणाल्या. "तुमची वीर्यतपासणी कधी केलीत?"

मला काही त्रास नाही, असं मी म्हटलं. यात त्रास होत नाहीच, त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात नमुना द्यायची एक खोली होती. खोली म्हणजे एक कॉट, एक बेसिन आणि भिंतीवर हसऱ्या बाळाचा फोटो. बाळ थेट माझ्याकडे बघत होतं. दाराबाहेरच्या टीव्हीवर कुठल्याशा मालिकेतली सासू सुनेला घालूनपाडून बोलत होती आणि रांगेतले नवरे खोकत होते. बराच वेळ झाल्यावर लॅबमधल्या बाईंनी दारावर टकटक केली आणि "झालं का हो?" असं अगदी मायेने विचारलं. त्यानंतर तर काही होणं शक्यच नव्हतं. मी रिकामी डबी घेऊन बाहेर आलो. बाईंना याची सवय असावी. घरून आणलंत तरी चालेल, त्या म्हणाल्या, फक्त तासाभरात पोचवा आणि डबी अंगाशी धरून आणा, गार पडू देऊ नका.

म्हणून पुढच्या शनिवारी मी मुलुंडहून रिक्षात बसलो, शर्टाच्या आत, काखेत डबी दाबून. रिक्षा सुटणार तोच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी समोर उभे. त्यांना भांडुपला उतरायचं होतं. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

एलबीएस रोडवर मेट्रोचं काम चालू होतं. रिक्षा मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि सेक्रेटरी मला गच्चीवरच्या टाकीची गळती समजावून सांगत होते. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. शेवटी त्यांचं लक्ष माझ्या आखडलेल्या हाताकडे गेलं. खांदा धरलाय का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. हीच चूक झाली. त्यांनाही मागच्या वर्षी तेच झालं होतं, आणि एक विशिष्ट शीर दाबली की लगेच मोकळं होतं म्हणे. ते माझा दंड धरून वर उचलायला लागले. मी दुसऱ्या हाताने तो दंड खाली धरून ठेवला. भांडुप येईपर्यंत आमची ही झटापट चालू होती आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. उतरताना सेक्रेटरी म्हणाले, तुमचं जरा जास्तच झालंय, दुर्लक्ष करू नका.

डबी वेळेत पोचली. त्यात काहीच नव्हतं. म्हणजे शुक्राणू नव्हते, एकही नव्हता. मी आधी यंत्र बिघडलंय का विचारलं, मग रहदारीला दोष दिला, मग सेक्रेटरींना. पुन्हा तपासणी केली. पुन्हा तेच.

घरी आल्यावर बायको गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो. मला वाटलं ती रडत असेल.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला आधी सुटल्यासारखं वाटलं रे. मग तुझं तोंड बघितलं."

मला तिचा राग यायला हवा होता. पण इतकी वर्षं ती काय डोक्यावर घेऊन वावरत होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आईवडील आमच्याकडेच असतात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून त्यांनी मला शिकवलं आणि बोलणं जवळजवळ सोडून दिलं. त्यांच्या वाटचं आई बोलते. त्या आठवड्यात तिने कुडाळकडच्या कोणा वैद्याचा काढा मागवला होता आणि जेवताना सुनेला सांगत होती, की नाक दाबून पी, पण नेमाने पी. बायको मान खाली घालून भात कालवत होती.

"तो काढा मला दे," मी म्हटलं. "तिच्यात काही नाहीये. माझ्यात आहे."

आईचा हात ताटावरच थांबला. "तुका काय झाला?"

मी सांगितलं. जेवढ्या शब्दांत सांगता येईल तेवढ्यात सांगितलं, आणि आईसमोर हे शब्द वापरायला आपल्या भाषेत किती कमी सोय आहे ते तेव्हा समजलं. वडिलांनी उठून टीव्ही बंद केला.

"इतकी वर्सां तिका बोललंस," ते आईला म्हणाले. "आता गप रव."

आई गप्प राहिली, पण एकच संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ती मावशीशी फोनवर बोलत होती, आणि आईचा फोनवरचा आवाज समोरच्या इमारतीपर्यंत जातो. "नाय गो, सुनेत काय एक नाय. पोर सोन्यासारखा आसा. आमच्याच झिलात खोट आसा." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. सुनेवर अन्याय झाला होता आणि तो तिने तिच्या पद्धतीने भरून काढायला घेतला होता. तिने फोन करून एकेका नातेवाइकाला कळवलं. त्या वर्षी गणपतीला गावी गेलो तेव्हा वाडीतला प्रत्येक पुरुष मला बाजूला घेऊन हळू आवाजात एकेक उपाय सांगत होता. कोणी कुळीथ खायला सांगितले, कोणी लंगोट घालायला, तर कोणी लंगोट मुळीच घालू नको म्हणून बजावलं. बायको मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मोकळी हसताना दिसली. कधी नव्हे ते तिला कोणी काही विचारत नव्हतं.

मग पुरुषांचे डॉक्टर झाले. एक शस्त्रक्रिया असते. भूल देऊन वृषण उघडतात आणि आत कुठे कोपऱ्यात थोडे शुक्राणू तयार होतायत का, ते सूक्ष्मदर्शकातून शोधतात. सापडले तर एकेक वेचून स्त्रीबीजात सोडता येतो. ऑफिसात मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. पाय फाकवून चालत घरी आलो, आठवडाभर उशीवर बसलो. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सांगितलं, की आम्ही खूप शोधलं, पण काही मिळालं नाही.

दात्याचं वीर्य वापरता येईल हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी नाही म्हटलं. कारण विचाराल तर माझ्याकडे धड कारणही नव्हतं. कोणीतरी परका माणूस आपल्या घरात येऊन आपल्या खुर्चीत बसतोय, असं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. बायकोने विषय सोडून दिला. आम्ही सिनेमे बघितले, घराला रंग लावला, एकमेकांशी फार शहाण्यासारखं वागलो. ते दिवस सगळ्यात वाईट.

एका रविवारी पवईच्या तलावाकाठी फिरताना मीच विचारलं, मूल माझ्यासारखं दिसलं नाही तर.

"तुझं नाक पुढच्या पिढीत जावं असं मला कधीच वाटलं नव्हतं," ती म्हणाली. चार पावलं गेल्यावर थांबली. "तुझ्यापासून हवं होतं. ते नाही झालं. तुझ्याबरोबर वाढवायचं तरी आहे ना?"

मी हो म्हटलं. आणि लगेच भेळ घेऊया म्हटलं.

दात्याचं नाव-गाव कळत नाही. रक्तगट, उंची, रंग एवढं जुळवतात. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, केस टिकणारा असेल तर बघा. त्या हसल्या नाहीत. माझ्यासारखे विनोद करणारे नवरे त्यांच्याकडे रोज येत असणार.

प्रश्न आईचा होता. बायको म्हणाली, आईंना कळलं की आठवड्यात सावंतवाडीपर्यंत जाईल. पण लपवून आयुष्यभर त्यांच्यासमोर वावरणं मला जमणार नव्हतं. आई तांदूळ निवडत असताना तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. वडील खिडकीशी होते. आईने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"रात्री रडला तर उठतलो कोण?" तिने विचारलं.

"मी."

"मगे झाला तर," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

वडिलांनी जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत पहिला आलो होतो तेव्हाही त्यांनी असं केलं नव्हतं. आणि आईने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही, मावशीलासुद्धा. मला तिची काळजी वाटायला लागली होती.

पहिली खेप फुकट गेली. बायको न्हाणीघरात नळ सोडून रडली आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. माझ्या सगळ्या विनोदांचा तिथे काही उपयोग नव्हता. पुढच्या खेपेला जमलं. मुलगी झाली. नर्सने माझ्या हातात दिली तेव्हा ती जोरात किंचाळत होती, आणि त्या गडबडीत खुर्चीतला तो परका माणूस मला आठवलाच नाही. तो परत आला नाही.

आता ती शाळेत जाते. तिच्या वयाला झेपेल तेवढं आम्ही तिला सांगितलंय, आणि तिला त्यात फारसा रस नाही. एकच अडचण आहे. आमच्या घराण्यात मासे न खाणारं हे पहिलंच माणूस. बांगडा तळायला घेतला की ती नाक धरून गॅलरीत जाऊन बसते. ही कोणाच्या वळणावर गेली गो, असं आई दर रविवारी ताट वाढताना विचारते आणि मग जीभ चावते.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणतो.

बायको टेबलाखालून लाथ मारते. वडील हसतात, आणि आई मुलीसाठी वरणभात कालवायला घेते.