खिळ्यावरचा पाव

तुमच्या अंगणात मांजर मान टाकून पडली, तर पहिलं नाव कोणाचं घ्याल? सभ्यपणाचा आव आणू नका. भिंतीपलीकडच्याचंच घ्याल ना?

मोंजियानेही तेच घेतलं.

नाबल या अरबी गावातल्या कुंभारगल्लीत तिला सगळे खालती मोंजिया म्हणत, म्हणजे मावशी. उभी हयात तिने भांड्यांवर निळी-हिरवी नक्षी रंगवण्यात काढली. हात स्थिर, जीभ मात्र जन्मात स्थिर राहिली नाही. नवरा गेल्यावर घरात उरली ती आणि तिची थोरली नणंद दूजा, जिला मानाने लल्ला म्हणत. अंगणात संत्र्याची झाडं होती आणि बदामी रंगाची एक मांजर, लूझा, आणि तिचं अजून अंगावर पिणारं पिल्लू.

त्या हिवाळ्यात उंदीर-घुशींनी अंगण ताब्यात घेतलं. झाडावर संत्रं लटकलेलं दिसायचं, हात लावावा तर आतून साफ पोकळ, नुसती सालीची डबी. भिंतीखाली बिळं पडली. पाण्याची नळी कुरतडून टाकली.

दूजा म्हणायची, "मांजर पाळलीयस की जावई? उंदीर नाकासमोरून वरात काढतायत आणि ही ऊन खातेय."

"लूझा वाटेल त्याच्या तोंडी लागत नाही, लल्ला. खानदानी आहे."

"खानदानी! मासळीबाजारात सापडलेली खानदानी!"

अशी थट्टा चालू असतानाच लूझाने खाणं सोडलं. रांजणामागे जाऊन बसली ती उठेना. मोंजियाने तिचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. पोटावर काळानिळा डाग, कोणी लाथ घातल्यासारखा.

मोंजियाने मान वर केली. भिंतीपलीकडे हमादीच्या गच्चीवर रिकामा पिंजरा टांगलेला होता.

त्या पिंजऱ्यात हमादीचं गाणारं पाखरू असायचं. हमादी मसाल्याचा व्यापारी, बायको नाही, मूल नाही, त्या पाखरावर जीव. लूझाने ते खाल्लं, तेव्हा भर गल्लीत तो म्हणाला होता, "या मांजरीचा न्याय देव करील. देव विसरला तर मी आहे." आता बोला, आणखी काय पुरावा हवा? संशयाला पुरावा लागतच नाही. नुसता शेजार लागतो.

ती तडक बेकरीपाशी गेली. सकाळची रांग लागलेली, हमादी मध्येच उभा.

"काय सी हमादी, झोप लागते ना शांत?" 'सी' म्हणजे साहेब, पण तिने तो टोमण्यासारखा मारला.

"तुझी मांजर गच्चीवर गळा काढत नसली, तर लागते."

"आता नाही काढणार. झालं समाधान?"

"का? काय झालं तिला?"

"अगंबाई! मलाच विचारतोय! पाखराचा सूड उगवलास ना, विष घालून?"

बेकरीवाल्याचा हात भट्टीच्या तोंडाशी थांबला.

"जीभ आवर, मोंजिया," हमादी म्हणाला. "मला विष घालायचंच असतं, तर मांजरीवर थांबलो असतो होय?"

लोक हसले, आणि त्या हसण्यानेच तिचं डोकं फिरलं. "ऐका सगळे! ज्याच्या घरात विषाचं पाकीट सापडेल, त्याची गचांडी धरून पोलीस चौकीत नेईन. मग तो सगा असो की सोयरा!"

रांगेच्या शेपटाला कापडी पिशवी घेऊन दूजा उभी होती. ती पाव न घेताच घरी परतली. मोंजियाला वाटलं, भांडणाची लाज वाटली असेल. लाजरीच आहे ती.

हमादी मागून आला. "भांडण नंतर कर. माझी गाडी उभी आहे, घाल मांजरीला, जनावरांच्या डॉक्टरकडे सोडतो."

"खाटकाच्या गाडीत? चालत जाईन!"

चालत नाही, टॅक्सीने गेली. मांडीवर शालीत गुंडाळलेली लूझा, हलकी, ऊन गेलेल्या फरशीसारखी गार.

डॉक्टरीण तरुण होती, फापटपसारा न लावणारी. हिरडी दाबून पाहिली, रक्त काढलं, ते गोठेचना. "उंदराचं विष आहे. रक्त गोठू देत नाही हे. आतल्या आत वाहतं. आणि आजकालचं नाही, चार-पाच दिवसांपूर्वीच पोटात गेलंय. एकदम मोठा घास नसेल. रोज थोडं थोडंही गेलं असेल."

चार-पाच दिवस! मोंजिया चपापली. तेव्हा हमादी गावात नव्हता, बहिणीकडे ऑलिव्ह उतरवायला गेला होता. मग लगेच दुसरा विचार आला: जाण्याआधी ठेवून गेला असेल. किंवा कोणाकरवी ठेवलं असेल. आणि गल्लीत तो कोण? तोंडं आठवू लागली. कोपऱ्यावरची बाई लूझाला हाकलायची. शिंपी मांजरींचं नाव काढलं की थुंकायचा. एकेक तोंड काळं दिसायला लागलं.

"इंजेक्शन दिलंय," डॉक्टरीण म्हणाली. "पण विष कोणतं ते कळायला हवं. या विषात हलकं असतं, जहाल असतं, आणि काही विषांवर हे औषध चालतच नाही. मी अंधारात तीर मारतेय. पाकीट आणून दाखवा, आजच्या आज."

पाकीट! आता कोण देणार पाकीट? सकाळीच भर रांगेत पोलिसांची धमकी देऊन तिने स्वतःच गल्लीची दारं लावून घेतली होती.

तरी दारोदार फिरली. दारं वीतभर उघडायची, त्याहून जास्त नाही. "आमच्याकडे? छे हो, खालती." "देवाशप्पथ, आम्ही असलं ठेवत नाही." उंदीर सगळ्यांकडे होते, विष कोणाकडेच नव्हतं!

शेवटी हमादीचं दार. तो आत गेला आणि एक पाकीट घेऊन आला. "माझ्याकडे आहे. गोदामासाठी आणलेलं. बघ, फोडलेलंसुद्धा नाही."

मोंजियाने उलटंपालटं करून पाहिलं. "एक फोडलं असशील, दुसरं दाखवतोयस."

हमादीने पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं. "मोंजिया, मला पाखरू प्यारं होतं. तुला मांजरीपेक्षा तुझा राग प्यारा आहे." आणि दार लावलं.

घरी येऊन ती शेगडीशी बसली. टोपलीत लूझा डोळे मिटून पडलेली, बाजूला तिचं एकुलतं पिल्लू भुकेने केकाटत होतं. मोंजिया उठली. मागच्या दाराशी खिळ्यावर शिळ्या पावाची पिशवी टांगलेली असायची. आमच्याकडे पाव कचऱ्यात जात नाही. जमिनीवर पडलेला दिसला तर उचलायचा, ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा आणि उंचावर ठेवायचा. उरलेला पिशवीत साठवायचा, मेंढ्यांवाला येऊन घेऊन जातो. त्या आठवड्यात पावसामुळे तो फिरकला नव्हता. लूझाची दुपारची वाटीही मोंजिया याच पिशवीतून भरायची.

मोंजियाने एक तुकडा काढला. कडेला लाल डाग होता. हरीसाचा असेल, आमच्या कोणत्या पावाला मिरचीचं वाटण लागलेलं नसतं? नेहमीसारखी तेवढी कड सुरीने उडवली, उरलेला मासळीच्या रश्श्यात कुस्करला, वाटी पिल्लापुढे सरकवली.

"नको!"

दूजा आतून धावत आली, गुडघे दुखतात हे विसरून. वाटी उचलली आणि छातीशी धरली. रस्सा अंगावर सांडला, पण वाटी काही तिने फेकली नाही. पाव होता तो.

"तो नको देऊस गं, वहिनी. त्याला लागलंय."

"काय लागलंय?"

दूजा खालीच बसली. "संत्र्यांसाठी केलं मी. बाजारातून उंदरांच्या विषाचं लाल मलम आणलं, पावाला लावून बिळांपाशी ठेवलं. मेल्या उंदरांनी तोंड लावलं नाही. सकाळी बघते तर पाव चिखलात पडलेला. पाव, मोंजिया! कोणाचा पाय पडला असता. उचलला, मलम खरवडून काढलं, आणि..."

"आणि?"

"पिशवीत टाकला. कचऱ्यात कसा टाकू? सुरीने स्वच्छ केला होता गं!"

"आणि पाकीट? दारोदार फिरले मी!"

"तू पोलिसांचं बोललीस ना. शिवणाच्या डब्यात लपवलं."

गल्लीतल्या प्रत्येक तोंडावर मोंजियाने संशय घेतला होता, एक सोडून. लूझाची वाटी रोज भरणारा हात कोणाचा होता? लाल डाग कापून बाकीचा कुस्करणारी सुरी कोणाची होती?

पिल्लाला तिने दूजाच्या मांडीवर टाकलं, "याला काही देऊ नकोस, आणि हात घास साबणाने." शिवणाचा डबा उपडा केला, पाकीट घेतलं, लूझाला उचललं आणि हमादीचं दार ठोठावलं.

"गाडी काढ."

"खाटकाच्या गाडीत बसशील?"

"खाटीक मीच आहे. गाडी काढ, सी हमादी."

त्याने गाडी काढली. वाटेत एकदाच म्हणाला, "तिची मान जरा वर धर."

डॉक्टरिणीने पाकिटावरचं नाव वाचलं आणि खुर्ची ओढून बसली. "जातकुळी तीच, पण जहाल आहे. मी आठवड्याभराने औषध थांबवलं असतं, तर हिचं रक्त पुन्हा वाहिलं असतं. आता महिनाभर देऊ, मग तपासू. वाचेल असं वाटतं. खात्री मागू नका." विषाच्या पावाचं काय करायचं, असं मोंजियाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. मेंढ्यांना नाही, पक्ष्यांना नाही. विष खाल्लेला उंदीर सापडला तर तोही तसाच, हात न लावता. मांजर तो खाते आणि पुन्हा तेच."

सगळ्यात अवघड काम दूजाचं ठरलं. पिशवी बांधताना तिने सवयीने एक तुकडा ओठांपाशी नेला. मोंजियाने तिचा हात वरच्या वर धरला. दूजाने तुकडा आत टाकला आणि डोळे मिटून गाठ मारली.

खिळा उपटला. शिळा पाव आता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तारेला टांगलेला. पडलेली संत्री रोज वेचायची, पोकळ झालेली झाडावरून तोडायची. बिळं जाळी कोंबून सिमेंटने बुजवली. हमादीने मसाल्याच्या जुन्या लाकडी पेट्या दिल्या, आत सापळा मागच्या टोकाला ठेवला, पुढे भोक एवढंच, की उंदीर शिरेल पण मांजरीचा पंजा सापळ्यापर्यंत पोचणार नाही. वर जड वीट. पिल्लू मोठं होईपर्यंत अंगणात एकटं सोडायचं नाही.

मग मोंजिया बेकरीपाशी गेली, रांग भरलेली असतानाच. जिथे थुंकलं, तिथेच पुसावं लागतं.

"सी हमादीने विष घातलं नव्हतं," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या घरातलं होतं, आणि माझ्या हाताने गेलं."

शिंपी म्हणाला, "मग चौकीत कोणाची गचांडी धरायची, खालती?"

रांग हसली. हमादीही हसला, तिने पाहिलं. या वेळी तिचं डोकं फिरलं नाही.

"हसा. पण ज्यांच्याकडे पाकीट आहे, त्यांनी आज मला दाखवावं. उद्या कोणाचं जनावर पडलं, तर विषाचं नाव माहीत हवं. कोणाकडे काय निघालं ते सांगणार नाही, पोलिसांचं नाव काढणार नाही."

त्या दुपारी तिच्या दाराशी ओढणीखालून, कोटाच्या खिशातून पाकिटं निघाली. 'देवाशप्पथ नाही' म्हणणारेच पुढे होते.

आता तुम्ही. माळ्यावर, मोरीत, बियाण्यांच्या डब्यामागे तुमचंही एक पाकीट आहे, नाही म्हणू नका. उठा, ते काढा, त्यावरचं नाव वाचून ठेवा, आणि ज्या शेजाऱ्यावर तुमचा संशय आहे ना, त्याचंच दार वाजवून आजच्या आज सांगा: "माझ्याकडे हे आहे. तुझ्याकडे काय आहे?"